नाकातली एतरवा

ग्रामपंचायत, गोर्ना क्रुशा
२ सप्टेंबर १९७४

मुक्काम बुर्गास येथील कॉम्रेड रुसका मिनेवा यांस,

आपल्या गावाला एक शब्द सापडला आहे, हे कळवण्यास अत्यंत आनंद होतो.

शब्द गावात पूर्वीपासूनच होता, पण त्याची किंमत कुणाला नव्हती. शब्द आहे 'एतरवा'. दोन सख्ख्या भावांच्या बायका एकमेकींच्या ज्या कोण लागतात त्या. जुलैमध्ये सोफियाहून प्राध्यापक झेलेझ्कोव आवाज टिपणारं यंत्र घेऊन आले होते. आपले थोरले दीर कै. दोब्री यांच्या पत्नी, म्हणजेच आपल्या एतरवा, कॉम्रेड वेलिका यांच्या तोंडून त्यांनी हा शब्द टिपला आणि ते अंगणातच खाली बसले. शब्द पाच हजार वर्षांपूर्वीचा आहे. त्याच्या मूळ रूपाला विद्वानांनी तारा बहाल केला आहे. मी स्वतः कागदावर पाहिला. शब्दाच्या अलीकडे, वरच्या बाजूला, स्पष्ट तारा. जिल्हा समितीच्या सचिवांना अजून तारा मिळालेला नाही, हे आपल्या लक्षात आणून देतो. मी लगेच रंग मागवून गावच्या कमानीवर लाल तारा आणि त्यापुढे तो शब्द काढून घेतला.

आता अडचण. एतरवा एकटी असून भागत नाही, दोन लागतात. आपल्याकडची पोरं शहरात गेली, एका घरात दोन सुना असं घर गावात उरलं नाही. नाही म्हणायला आपण दोघीच. वीस ऑक्टोबरला आयोग येणार आहे. नव्या वर्षापासून गावची बस बंद करायचं जिल्ह्याच्या मनात आहे. एवढ्याशा उंबऱ्यांसाठी डिझेल जाळायचं नाही म्हणतात. परंतु जिथे शास्त्रीय महत्त्वाची वस्तू आहे, त्या गावची बस बंद करता येत नाही. खालच्या गावात रोमन लोकांचं गटार निघालं, त्यांची बस बघा कशी दिमाखात चालू आहे.

तरी आपण यावं.

आपला,
नाइदेन, सरपंच

ता. क. आपण दोघी एकमेकींशी बोलत नाही, हे पंचायतीला ठाऊक आहे. पंचायत त्यात पडत नाही. बोलायला नाही तर भांडायला या. प्राध्यापकांना तेच जास्त हवं आहे.


बुर्गास
९ सप्टेंबर

वेलिका मिनेवा हिला,

नाइदेनचं पत्र आलं. तू एका यंत्रात माझ्याबद्दल काहीतरी बोललीस आणि ते ऐकून एक शिकलेला माणूस खाली बसला, एवढं कळलं. नेमकं काय बोललीस ते कळव. पाच वर्षं तुझी एक ओळ नाही, आणि आता सगळ्या सोफियाने माझं नाव ऐकायचं?

मी येणार नाही. मला शाळेच्या खानावळीत काम असतं, तीनशे पोरांचं सूप रोज माझ्या डोक्यावर. तुला मात्र वाटत असेल की रुसका आठव्या मजल्यावर खिडकीत बसून बोटी मोजते.

रुसका


गोर्ना क्रुशा
१६ सप्टेंबर

रुसके,

काय बोलले म्हणून विचारतेस, तर सांगते. लपवण्यासारखं काही नाही, सगळ्या गावाने ऐकलंय.

मी अंगणात मिरच्या भाजत होते. तो आला, पायात शहरी बूट, गळ्यात ते यंत्र. म्हणाला, "आजीबाई, तुमच्या नात्यांतल्या माणसांना काय काय म्हणता ते सांगा." आजीबाई म्हणे! माझ्याहून चार केस जास्त पिकलेत त्याचे. मी सांगत गेले. सासू, सासरा, दीर, नणंद. तो लिहीत गेला, चेहऱ्यावरची माशी हलली नाही. मग म्हणाला, "आणि दिराच्या बायकोला?" आता मला सांग, माझ्या हातात तापलेली मिरची, डोळ्यांत धूर, आणि हा मला तुझी आठवण करून देतो. मी म्हटलं, "ती एंतरवा ना? तिच्या पायात काटे मोडोत, तिच्या पिठात किडे पडोत, समुद्राने तिचं…" पुढचं सांगत नाही, यंत्रात आहे.

तर तो खालीच बसला. मिरच्यांच्या टोपलीत. "पुन्हा म्हणा," म्हणाला. मला वाटलं शाप आवडला. पण त्याला फक्त तो एक शब्द हवा होता. म्हणाला, "तुम्ही 'एतरवा' नाही म्हणालात, 'एंतरवा' म्हणालात, नाकातून! आजीबाई, हा नाकातला सूर आपल्या बाजूला हजार वर्षांपूर्वी मेला!" मी म्हटलं, असेल बाबा, हल्ली इथे बरंच काही मरतं.

मग त्याने माझ्या चुलीजवळ बसून कागदावर झाड काढलं. सगळ्यात खाली तो मूळ शब्द, 'येनतेर', तारा लावून. वर फांद्या. लिथुआनियात येंते, आर्मेनियात नेर, जुन्या ग्रीसमध्ये एनातेर. एक फांदी लांब हिंदुस्थानात गेली. तिथे एका मुलखात अजून म्हणतात, जाऊ. मी विचारलं, "त्या जावा भांडतात का?" तर म्हणाला, "माझ्या माहितीप्रमाणे कडाडून." बरं वाटलं ऐकून. पुढे म्हणाला, जुन्या रोमी लोकांच्या पोथ्यांत हा शब्द अनेकवचनातच सापडतो, एकटीची म्हणून एतरवा त्यांनी लिहूनच ठेवलेली नाही. मी जास्तीचं लाकूड चुलीत सारलं.

नाइदेन बसचं म्हणत असेल. मला बसशी काय करायचंय? मी कुठे जाते? पाव बसने येतो एवढंच. आणि मंगळवारी डॉक्टर. आणि खालच्या आळीच्या तोत्काची औषधं. पण माझं काही अडत नाही. तू येऊ नकोस, तुझी तीनशे पोरं उपाशी राहतील.

वेलिका


बुर्गास
२४ सप्टेंबर

वेलिका,

मी पत्र खानावळीत वाचलं आणि इतकी हसले की स्वैपाकघरातल्या बायकांना वाटलं, मला झटका आला.

हजार वर्षांपूर्वी मेलेला सूर! अगं बाई, तो सूर पाच वर्षांपूर्वी जन्मला. माझ्या पेन्चोच्या चाळिसाव्या दिवसाला. मी दार लावलं, तू दारामागे कान लावून उभी होतीस, आणि दार तुझ्या नाकावर बसलं. त्याआधी तू सरळ 'एतरवा' म्हणायचीस, चांगली खणखणीत, मी वीस वर्षं ऐकलंय. तेव्हापासून तुझं नाक डावीकडे बघतं. तू 'नाइदेन' म्हणतेस तेही नाकातून, 'नंइदेन'. त्याचं झाड काढलं का प्राध्यापकाने?

आणि दार मी मुद्दाम आपटलं नाही, वारा होता. आपटलं असतं तरी चूक नव्हती. माझा नवरा जाऊन चाळीस दिवस झालेले, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि तू सगळ्यांना वाढता वाढता सांगतेस, "बिचारा पेन्चो, शेवटपर्यंत माझ्या हातच्या घेवड्याच्या सूपासाठी तडफडत होता." माझ्या नवऱ्याच्या जेवणाला, माझ्या तोंडावर!

मी प्राध्यापकाला लिहून कळवणार आहे. एवढा शिकलेला माणूस, त्याने तुझ्या नाकावर पुस्तक लिहिण्याआधी त्याला सावध करणं माझं कर्तव्य आहे.

तोत्का अजून आहे? मला वाटलं होतं गेली असेल. तिला माझा नमस्कार सांग. आणि पावाचं म्हणतेस, तर तू घरी का भाजत नाहीस? तुझा हात तर चांगला होता.

इथे माणसांची कमी नाही. आठ मजले आहेत. सगळी दारं मात्र एकसारखी, गेल्या महिन्यात मी सातव्या मजल्यावर तिसऱ्यांदा परक्या कुलपात किल्ली घातली. आतून कुणी विचारलंही नाही कोण आहे म्हणून.

रुसका


गोर्ना क्रुशा
१ ऑक्टोबर

रुसके, प्राध्यापकाला लिहू नकोस!

लिहिलं असशील तर दुसरं लिही, म्हणावं पहिलं दारू पिऊन लिहिलं होतं.

त्याने छापलंय. 'गोर्ना क्रुशाचा अनुनासिक' असं नाव आहे. नाइदेनने ते पंचायतीत काचेत लावलंय. आता आयोगात तिघं येणार, आणि प्राध्यापकाने कळवलंय की एकट्या म्हातारीचा पुरावा शास्त्राला चालत नाही, सूर सगळ्या गावाचा आहे हे दिसलं पाहिजे. झालं! नाइदेनने सगळ्या गावाला नाकातून बोलायचं फर्मान काढलं. रोज संध्याकाळी चावडीवर तालीम. प्रत्येकाने घरून कपडे वाळत घालायचा चिमटा आणायचा, नाकाला लावायचा आणि एका सुरात म्हणायचं. घंटा वाजवणारा स्तोयको रोज चिमटा लावून झोपतो, बायको म्हणते घोरणं थांबलं, आयोग आला नाही तरी चालेल. गंमत म्हणजे आता लोकांना चिमट्याशिवायही सरळ बोलता येईना. काल मी तोत्काकडे मीठ मागायला गेले, तर ती म्हणाली, "मींठ संपलं." मी म्हटलं, "अगं, इथे कोण ऐकतंय?" तर म्हणाली, "संवय लांगली."

ताऱ्याचंही वेगळंच निघालं. प्राध्यापक मध्ये एकदा येऊन गेला. कमान बघून पांढरा पडला. त्याने नाइदेनला बाजूला घेऊन समजावलं की तारा बक्षिसाचा नसतो. तारा असलेला शब्द कुणी कधी ऐकलेला नसतो, कुठे लिहिलेला नसतो. नातींची तोंडं बघून मेलेल्या पणजीचा चेहरा काढावा, तसा तो विद्वानांनी बसून काढलेला असतो, आणि 'हा अंदाज आहे बरं का' म्हणून तारा लावायचा. नाइदेन म्हणाला, "म्हणजे नसलेल्याला पदक दिलं?" प्राध्यापक म्हणाला, "तो लाल तारा आधी पुसा." नाइदेन म्हणाला, "कॉम्रेड, काढायचा हुकूम तुम्ही मला लेखी द्या. लाल तारा पुसायचा. तुमच्या सहीने." प्राध्यापकाने राकियाचा आणखी एक पेला घेतला आणि तारा तसाच राहिला.

आता तुझ्यावाचून अडलंय. सांगून टाकते. बस गेली तर पंचायत आमच्यासारख्या एकट्या बायकांना जिल्ह्याच्या वृद्धगृहात नेणार आहे. मी बघून आले. खोलीत चार खाटा, आणि खिडकीबाहेर भिंत. मी तिथे जाणार नाही, पण ते विचारून नेत नाहीत.

तुला एकच शब्द म्हणायचाय, तोही मला उद्देशून शिवीसारखा. ते तुला जड जाऊ नये.

वेलिका


बुर्गास
८ ऑक्टोबर

वेलिका,

एकोणीस तारखेच्या दुपारच्या बसने येते. फक्त बससाठी. खारवलेले मासे आणते आहे, मी तेच खाईन. तुझ्या सूपाला हात लावणार नाही.

प्राध्यापकाला लिहिलेलं पत्र अजून माझ्या पर्समध्येच होतं. त्यात काल मासे बांधले.

रुसका


गोर्ना क्रुशा, माडीवरून
२५ ऑक्टोबर

वेलिका,

तू काल दाराआडून ओरडलीस की हे सगळं माझ्यामुळे झालं. मी दार उघडून उत्तर दिलं नाही, कारण दार उघडलं की तुझं नाक जवळपास असतं. म्हणून लिहून देते. नर्स दुपारी माझा ताप मोजायला येईल, तिच्या हाती खाली पाठवते. ती म्हणते, पत्राला धुरी द्यावी लागेल. देऊ दे.

काय झालं ते नीट आठव. सभागृह भरलेलं. आयोगातले तिघं समोर, प्राध्यापक घामाघूम. नाइदेन स्वागताला उठला आणि म्हणाला, "मांननीय आंयोग, गोंर्ना क्रुंशात आंपलं स्वांगत." मी तेव्हाच मान खाली घातली. पोरींनी स्वागताचा पाव आणि मीठ पुढे केलं तेही नाकातून. आयोगातल्या बाईने रुमाल तोंडाला लावला. ती मागे सरकली हे मी पाहिलं, तू पाहिलं नाहीस.

मग आपल्या दोघींना व्यासपीठावर बोलावलं. मी तयारीत होते. चिमटा खिशात होता. तेवढ्यात तो चष्मेवाला, कायदेपंडित की कोण, कागद बघून म्हणाला, "एक शंका आहे. कॉम्रेड वेलिका यांचे पती वारले. कॉम्रेड रुसका यांचेही वारले. ज्या दोन भावांमुळे नातं होतं ते दोघंही नाहीत. मग या दोघी आता एतरवा कशा? नियमाने या दोघी एकमेकींच्या कोणीच नाहीत."



तू माझ्याकडे बघितलंस. पाच वर्षांत पहिल्यांदा सरळ बघितलंस. खोटं बोलू नकोस, तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. मला पेन्चो आठवला, दोब्रीभावोजी आठवले, दोघं अंगणात एका बादलीवरून भांडायचे ते आठवलं. आणि मला वाटलं, हा माणूस चष्मा पुसत पुसत आपल्याला एका वाक्यात पुसून टाकतोय. मी पुढे झाले. म्हटलं, "ही माझी एंतरवा आहे. वीस वर्षं आम्ही एका चुलीवर भांडलो. तू कोण रे ठरवणारा?"

चिमटा खिशातच होता. माझं नाक रडून चोंदलं होतं.

तिथवर सगळं ठीक होतं. प्राध्यापक उड्या मारत होता. पण माझं वाक्य संपायच्या आत तूच हात वर केलास, आणि तो गावाला ठरलेला इशारा होता. मग उठले की सगळे! "एंतरवा! एंतरवा!" स्तोयकोने घंटा वाजवली, कुत्री भुंकायला लागली, आणि ती बाई किंचाळली, "यांना काहीतरी झालंय! सगळ्यांना!" जिल्ह्यात घशाच्या साथीची आधीच बोंब. तिघं मोटारीत बसून पळाले, प्राध्यापकाला मागे धावावं लागलं. संध्याकाळी नाक्यावर अडसर आणि पांढऱ्या डगल्याची माणसं.

आता सांग, कुणामुळे?

माडीवर थंडी आहे. एक घोंगडी पाठव.

रुसका


गोर्ना क्रुशा, खालच्या स्वैपाकघरातून
त्याच दिवशी

रुसके,

घोंगडी नर्सच्या हाती दिली आहे. तिने घोंगडीलाही धुरी दिली, आता वास येईल, माझा दोष नाही.

मी हात इशारा म्हणून वर केला नव्हता. मी तुला धरायला केला होता. तू फळीच्या टोकाला गेली होतीस, आणखी एक पाऊल आणि त्या चष्मेवाल्याच्या मांडीत पडली असतीस. गावाला काय कळतं? हात वर दिसला की ओरडायचं, एवढंच त्यांना शिकवलेलं.

डोळ्यांत पाणी म्हणशील तर हो, होतं. तुझे मासे त्या सभागृहात माझ्या शेजारी ठेवले होते.

पण बातमी ऐक, नाइदेन आत्ताच कुंपणापलीकडून ओरडून गेला. नाकं बरी होईपर्यंत गावात रोज बस येणार. रोज! नर्स, औषधं, पाव, सगळं घेऊन. जिल्ह्याचा लेखी हुकूम आहे, 'सर्व रहिवाशांची नाकं पूर्ववत झाल्याचा दाखला मिळेपर्यंत'. लोकांची होतील आठवड्याभरात, चिमटे काढले की झालं. पण सर्व म्हणजे सर्व. त्यात मीही आले. आणि माझं नाक तर तुला माहीतच आहे.

नर्सने आज बॅटरी लावून आत बघितलं आणि लिहिलं, 'सुधारणा नाही'. मी तिला म्हटलं, "पोरी, असंच लिहीत जा."

नाकाबंदीत बाहेर जाता येत नाही, आणि तुझे मासे संपलेत हे मला वासावरून कळलं. घेवड्याचं सूप चुलीवर आहे. मी जिन्याच्या खालच्या पायरीवर ठेवते आणि लांब जाते. खायचं तर खा, नाहीतर मांजर आहे.

पेन्चोबद्दल मी तेव्हा बोलले ते खरं नव्हतं. तो तुझंच सूप मागत होता. माझ्या घरात, माझ्या टेबलाशी बसून, माझ्या तोंडावर. म्हणाला होता, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नको, पण रुसकाच्या हाताला काहीतरी वेगळं आहे." मला राग आला होता. आधी त्याचा, मग तो गेल्यावर तुझा.

वेलिका


सोफिया
१४ एप्रिल १९७५

आदरणीय कॉम्रेड वेलिका,

आपल्या गावची नाकाबंदी उठल्याचं, आणि बस मात्र चालूच असल्याचं समजलं. नर्सचा अहवाल पाहिला. आपल्या नाकाबद्दल एक अफवा माझ्या कानावर आली आहे. ती खरी की खोटी हे मी विचारत नाही, कारण निबंध छापून झाला आहे, आणि माझ्या एका सहकाऱ्याने त्यावर दुसरा निबंध लिहून मला विरोधही केला आहे. त्यामुळे आता मागे फिरता येत नाही.

एक शास्त्रीय प्रश्न मात्र मनापासून विचारतो. कॉम्रेड रुसका शहरातली नोकरी सोडून आपल्या घरी राहू लागल्या असं कळलं. गेल्या कित्येक वर्षांत प्रथमच एका छपराखाली दोन एतरवा राहत आहेत. कृपया कळवावं: आपण रोजच्या व्यवहारात त्यांना कोणत्या प्रसंगी 'एतरवा' म्हणता, दिवसातून साधारण किती वेळा, आणि कोणत्या सुरात?

आपला नम्र,
झेलेझ्कोव


गोर्ना क्रुशा
२१ एप्रिल

प्राध्यापकसाहेब,

तुमचं पत्र आम्ही दोघींनी मिळून वाचलं. उत्तर मी लिहिते, कारण चष्मा सध्या माझ्याकडे आहे. एकच आहे, आणि त्यावरून आज सकाळी भांडण झालं.

ती राहायला आली ते मी बोलावलं म्हणून नाही. नाकाबंदी उठली तेव्हा ती पिशवी भरून बसथांब्यावर गेली. बस आली, ती चढली, आणि चालकाला काहीतरी आठवलं म्हणून त्याने पुढच्या वळणावर बस थांबवली. असं तीच सांगते. चालक सांगतो, बाईंनीच आरडाओरडा करून थांबवली, चुलीवर काहीतरी ठेवून आल्या म्हणून. चुलीवर काही नव्हतं. मी बघितलं होतं. पण ती परत आली, झाकण उचलून बघितलं, आणि म्हणाली, "आता ठेवते."

तिच्या हाताला खरंच काहीतरी वेगळं आहे. मी अजून तिला सांगितलेलं नाही, आणि आता हे पत्र तिने वाचलं की ती टेबलावर चढून बसेल. पण शास्त्राला खोटं सांगू नये म्हणून लिहिलं.

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल, तर तुम्हाला वाईट वाटेल. मी तिला एतरवा म्हणत नाही. कधीच नाही. मी विचार केला की मी तो शब्द आजवर कधी कधी म्हटला. तिच्याबद्दल तोत्काकडे तक्रार करताना. सासूबाईंकडे चुगली करताना. आणि त्या दिवशी तुमच्या यंत्रात. तो शब्द तिला हाक मारायचा नाहीच मुळी. ती तिथे नसते तेव्हा तिच्याबद्दल दुसऱ्याला सांगायचा तो शब्द आहे. आता ती असते. दिवसभर असते. सकाळी उठल्यापासून माझ्या पायात असते. मग मी कुणाला सांगू, आणि काय म्हणून सांगू?

तेव्हा तुमच्या यादीत लिहायचं असेल तर लिहा, गोर्ना क्रुशात तो शब्द सध्या वापरात नाही. मला त्याचं वाईट वाटतं. पाच हजार वर्षं टिकला आणि आमच्या घरात येऊन अडला. पण तुम्ही काळजी करू नका. आमचे स्वभाव मला माहीत आहेत. उन्हाळ्यात मिरच्या भाजायच्या वेळी या, यंत्र घेऊन या, बहुतेक मिळेल.

आता थांबते. ती खालून ओरडते आहे, जेवण थंड होतंय म्हणून.

वेलिका